पैठणची मालिका आणि आमच्या घरातलं एक पान

तर झालं असं की जानेवारी २०२५ मध्ये भाचीला घेऊन 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' बघायला गेलो. युगो साको या जपानी माणसानं आपल्या राम मोहन यांच्यासोबत केलेला हा सिनेमा. तयार झाला १९९२ साली, आणि आपल्याकडच्या थिएटरांत धडपणे यायला त्याला ही एवढी वर्षं लागली. मी लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता, तिला मोठ्या पडद्यावर दाखवावा म्हणून गेलो.

ही भाची म्हणजे ॲनिमेवाली. तिच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या डोळ्यांची माणसं चिकटवलेली असतात, आणि त्यातला कोण राक्षस आणि कोण देव हे मला आजतागायत कळलेलं नाही. सिनेमा संपल्यावर बाहेर कणीस खाताना म्हणाली, "मामा, आपली गोष्ट, आणि काढली त्यांनी. आपल्याकडे असं कधी कुणी काढलंच नाही का?"

मी म्हटलं, काढलं होतं की. इथून पन्नास किलोमीटरवर. डोळेसुद्धा असेच मोठे होते.

तिला वाटलं मी थापा मारतोय. मग तिला घरी नेऊन दिवाणखान्यातल्या दाराच्या वरची फ्रेम दाखवली. नातेवाईक मंडळींना ती फ्रेम माहीत आहे, इतरांसाठी सांगतो.

साधारण वहीच्या दोन पानांएवढा कागद, आता तपकिरी झालेला. डावीकडे रथात एक धनुर्धारी, उजवीकडे रथात दुसरा धनुर्धारी, दोघांच्या मधे बाणांचं जाळं. डावीकडच्या रथाच्या ध्वजावर एक बारकं माकड. खाली, दोघांच्या मधोमध, सजवलेला घोडा, कपाळावर काहीतरी बांधलेला. लाल, पिवळा, हिरवा आणि गडद निळा, एवढेच रंग आणि भोवती जाड काळी रेघ. चेहरे एका बाजूनं काढलेले, पण डोळा मात्र समोरून, आख्खा, बटाट्याएवढा. लहानपणी रात्री पाणी प्यायला उठलो की मी त्या दाराखालून पळत जायचो.

हे चित्रकथींचं पान आहे. पैठण म्हटलं की आपल्याला साडी आठवते, फार तर नाथमहाराज. पण म्युझियमवाल्यांच्या जगात 'पैठण' म्हटलं की ही चित्रं. बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. पैठण परिसरात मिळाली म्हणून हे नाव पडलं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. नेमकी कुणी काढली, त्या हातांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. आंध्र-कर्नाटकातल्या चामड्याच्या सावली-बाहुल्यांशी त्यांचं तोंडवळ्याचं नातं मात्र अगदी उघड आहे. तोच एकबाजूचा चेहरा, तेच टोकदार नाक, तोच डोळा. पैठण तेव्हा निजामाच्या राज्यात. तेलुगू, कानडी, मराठी मुलूख एकाच दरबारच्या छायेत, माणसं इकडून तिकडे जात-येत असणारच. मला तरी यात नवल वाटत नाही.

आता ही चित्रं भिंतीवर लावायची नव्हतीच. हा मुद्दा महत्त्वाचा, पुढे लागणार आहे. एका गोष्टीची पानं एका गठ्ठ्यात असायची, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाला दोन बाजू. कथेकरी देवळात किंवा पारावर बसणार, समोर एकेक पान उभं करणार, गात-बोलत गोष्ट सांगणार, साथीला टाळ आणि तंतुवाद्य. प्रसंग संपला की पान उलटायचं, पुढचा प्रसंग. अभिमन्यू आणि द्रौपदी यांच्यापेक्षा यांना आडवाटेच्या गोष्टींचं वेड जास्त. रामलक्ष्मणांना पाताळात पळवून नेणारे अहिरावण-महिरावण, इंद्रजित, बापाला मारणारा बभ्रुवाहन. आजच्या भाषेत सांगायचं तर चक्क फँटसी मालिका, भाग पहिला, भाग दुसरा.

भाचीनं मग मला जपानची एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धवट माहीत होती. १९३०च्या आसपास जपानी शहरांत सायकलवरून गोळ्या-चॉकलेटं विकणारी माणसं फिरायची. सायकलच्या मागे लाकडी चौकट. गोळी विकत घेतलेली पोरं पुढे बसायची, आणि हा माणूस चौकटीतून एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. कामिशिबाई, म्हणजे कागदी नाटक. त्यात 'सोनेरी वटवाघूळ' नावाचा कवटीच्या तोंडाचा नायक पोरांचा लाडका होता. १९५३ साली तिकडे टीव्ही सुरू झाला, तर लोक त्याला 'विजेची कामिशिबाई' म्हणायला लागले! आणि कामिशिबाईची चित्रं काढणारे काही चित्रकार तिथून कॉमिक्सकडे वळले. शिगेरु मिझुकी त्यातलेच. त्यांचा भुताखेतांच्या जगातला किटारो कागदी नाटकात होता, मग कॉमिक्समध्ये आला आणि १९६८ साली टीव्हीवर ॲनिमे मालिका झाला.

म्हणजे तिकडे पारावरचा माणूस, कागद, छापील पुस्तक आणि पडदा अशी साखळी सलग राहिली. आमच्याकडे पारावरचा माणूस आणि कागद होता, पुढे काही नाही. का? गेला महिनाभर हेच डोक्यात आहे.

आपलं ते सगळं थोर आणि कुणीतरी येऊन घात केला, असं लिहायची एक पद्धत आहे. मला ते जमत नाही. मी त्या पानाखाली वाढलोय, त्याचे गुण आणि दोष दोन्ही तोंडपाठ आहेत.

गुण आधी. ही चित्रं लांबून बघायची होती, तेलाच्या दिव्यात, मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालासुद्धा. म्हणून ती जाड रेघ, म्हणून ते चारच रंग, म्हणून तो भलामोठा डोळा. कोण कुणाकडे बघतंय हे वीस हातांवरूनही कळायला पाहिजे. एका पात्राचा मुकुट, रंग, ध्वज एकदा ठरला की पानापानावर तोच. अर्जुन कुठेही असो, माकडाचा ध्वज दिसला की पोर ओरडणार, अर्जुन आला! ॲनिमेवालेही आधी प्रत्येक पात्राचा नमुना काढून ठेवतात आणि मग सगळे चित्रकार त्याबरहुकूम काढतात, असं भाची म्हणाली. आणि काटकसर. १९६३ साली तेझुकांनी 'ॲस्ट्रो बॉय' काढला तेव्हा पैसे नव्हते, वेळ नव्हता. सेकंदाच्या चोवीस चौकटींना एकच चित्र तीन-तीन चौकटी वापरायचं, आख्खा माणूस न हलवता नुसतं तोंड हलवायचं, असल्या युक्त्या त्यांनी केल्या. पैठणच्या माणसानं त्याही पुढची काटकसर केली, काहीच हलवलं नाही. पण बघा, त्या दोन रथांच्या मधे बाण असे काढलेत की मला लहानपणी ते सुटताना दिसायचे. अजूनही, चष्मा काढला की दिसतात :)

आता दोष. पहिला म्हणजे जागा नाही. लढाई मणिपुरात, लंकेत की पाताळात, चित्रावरून कळत नाही. मागे नुसता कोरा कागद किंवा एकरंगी पट्टा. आमच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला अजिंठा आहे. सतराव्या लेण्यात सिंहलाची गोष्ट रंगवलीय, पाचव्या शतकातली. व्यापाऱ्याचं जहाज फुटतं, तो राक्षसिणींच्या बेटावर अडकतो आणि उडणारा पांढरा घोडा त्याला सोडवतो. (ॲनिमे म्हणून आजही चालेल.) तिथे समुद्र आहे, वाडे आहेत, गर्दी आहे, गर्दीत प्रत्येकाचा वेगळा चेहरा आहे. पैठणच्या माणसाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि ते स्वाभाविकच आहे. लेणी जंगलात गुडूप होती, १८१९ साली इंग्रज शिकाऱ्याला दिसेपर्यंत जगाच्या लेखी नव्हतीच. पण एका जिल्ह्यात हे दोन्ही असावं आणि त्यांची ओळखसुद्धा नसावी, याची मला चुटपुट लागते.

दुसरा दोष मोठा. चेहरा बदलत नाही. विडा घेणारा आणि मरणारा, दोघांचा डोळा तोच. बभ्रुवाहनाची गोष्ट घ्या. अश्वमेधाचा घोडा मणिपुरात येतो. घोड्यामागे अर्जुन. बभ्रुवाहन त्याचाच मुलगा, चित्रांगदेचा, बापाला कधी न पाहिलेला. हात जोडून भेटी घेऊन सामोरा जातो. अर्जुन त्याचा अपमान करतो, क्षत्रिय असशील तर लढ म्हणतो. पोरगा लढतो आणि बापाला मारतो. मग आई येते. पुढे पाताळातून नागांचा मणी आणून बापाला उठवायचं. या गोष्टीत लढाई ही सगळ्यात किरकोळ बाब आहे. खरं नाट्य पोराच्या तोंडावर आहे, बाण लागल्यानंतरच्या क्षणाला. आणि तेच तोंड पैठणचा चित्रकार रिकामं ठेवतो.

यावर भाचीचं म्हणणं वेगळं. "मामा, तोंड रिकामं आहे म्हणूनच तर भारी आहे. बापाला मारतोय आणि डोळा तसाच!" मला पटलं नाही आणि खोडताही आलं नाही.

माझं मत असं की ते तोंड भरायचं काम कथेकऱ्याचं होतं. चित्रात जे नाही ते त्याच्या गळ्यात होतं. तो एक रडका आलाप घेणार आणि तोच डोळा पाण्यानं भरलेला दिसणार. म्हणजे चित्र हा अर्धाच माल, उरलेला अर्धा माणसात. कामिशिबाईतही माणूस बोलायचाच, पण तिथे गोष्ट रोज नवी होती आणि ऐन मोक्यावर थांबायची, उद्या या म्हणून. त्यासाठी चित्रकारांना रोज नवीन काढावं लागायचं. काढत राहिले म्हणून हात तयार राहिले, आणि टीव्ही आला तेव्हा कामाला आले. आमच्याकडे गोष्ट जुनीच, पोथी वडिलोपार्जित, बापाकडून पोराला. नवीन पान काढायची गरजच पडेना. काढणारे कधी थांबले ते कुणाला कळलंही नसेल, कारण दाखवणारे फिरतच होते. चित्रकथी ही आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतली एक नोंद आहे. गावोगाव फिरणाऱ्या त्या घरांच्या हातात पोथ्या किती राहिल्या, हा प्रश्न विचारायचीही लाज वाटावी अशी आमच्या घरची हकीकत आहे.

ती अशी. (काका, तुम्ही वाचत असाल तर चूकभूल द्यावी.)

आमचं गाव गोदाकाठी, पैठणच्या वरच्या अंगाला. पोलीस ॲक्शनच्या आधी, म्हणजे १९४८ च्या आधी कधीतरी, एक कथेकरी दरवर्षी पिकं निघाल्यावर गावात यायचा. आमच्या वाड्याच्या ढाळजेत उतरायचा. एका वाईट वर्षी त्यानं पोथी पणजोबांकडे ठेवली आणि चार पायल्या ज्वारी नेली. पुढच्या सुगीला सोडवतो म्हणाला. पुढच्या सुगीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग रझाकारांची धामधूम, मग सगळं बदललं. पोथी माळ्यावर राहिली. पणजोबांनी ती विकली नाही, 'ठेव आहे' म्हणायचे. आजोबांनीही हात लावला नाही.

मग जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. मधल्या दहा वर्षांत आमच्यासारखी किती गावं नाथसागराच्या पोटात गेली. वाडा सोडताना माळवदाच्या तुळया, दारं, चौकटीसुद्धा काढून नेल्या लोकांनी. जुन्या वस्तू घेणारे जीप घेऊन बुडीत गावांतून फिरत. हंडे, समया, लाकडी खांब, जे मिळेल ते. त्यातल्या एकानं पोथी उचलली. आत्या म्हणते चाळीस रुपये दिले, काका म्हणतात शंभर. ती पानं सुटी सुटी विकली गेली असणार, कारण सुट्या चित्राला गिऱ्हाईक जास्त. कोणत्या देशातल्या कोणत्या भिंतीवर कोणतं पान आहे, देव जाणे. गोष्ट तर तेव्हाच संपली. चाळीस पानांची गोष्ट चाळीस घरांत गेली की तिला गोष्ट कसली म्हणायचं?

एकच पान उरलं, आणि तेही प्रेमापोटी नव्हे. आजीनं ते पेटीच्या तळाशी अंथरलं होतं, साड्यांना गंज लागू नये म्हणून. औरंगाबादला (तेव्हाचं) सामान उघडलं तेव्हा सापडलं. आजोबांनी ते फ्रेम करायला दिलं. ज्यानं फ्रेम केली त्यानं सरस लावून, हार्डबोर्डवर, चांगलं घट्ट चिकटवलं. मागची बाजू कायमची आत.

हे मला भाचीला सांगता सांगता पहिल्यांदा नीट जाणवलं. पन्नास वर्षं आम्ही अर्धंच पान बघतोय.

आणि ती मागची बाजू का हवी, तेही सांगतो. माकडाचा ध्वज म्हणजे डावीकडचा अर्जुन, हे नक्की. घोड्याच्या कपाळावर पत्र, म्हणजे अश्वमेध, हेही नक्की. पण उजवीकडचा कोण? बभ्रुवाहन असू शकतो. सुधन्वाही असू शकतो, हंसध्वज राजाचा मुलगा, ज्याला बापानं उकळत्या तेलात टाकलं आणि तो जिवंत निघाला, मग अर्जुनाशी लढून पडला. चित्रकारानं दोघांना एकच मिशी, एकच मुकुट दिला असणार. दोष क्रमांक दोनच म्हणा ना. एका गोष्टीत मुलगा बापाला मारतो, दुसरीत बाप मुलाला कढईत टाकतो, आणि आम्हाला आमच्याच घरातली गोष्ट कोणती तेवढं सांगता येत नाही. मागच्या बाजूला त्याच गोष्टीतला लागूनचा प्रसंग असणार, त्यावरून कळलं असतं.

कागदाचं काम जाणणाऱ्या एकांना विचारलं. म्हणाले, सरस सुटेल, पण त्याला ओल लागेल आणि ओल लागली तर पुढचे रंग धरतील याची खात्री नाही. डिंकातले रंग आहेत. घरात लगेच दोन तट पडले. काका म्हणतात, आहे ते जपा. भाची म्हणते, आत जे आहे ते बघितलंच पाहिजे, नाहीतर जपून काय करायचं. मी कधी इकडे, कधी तिकडे.

मधे कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या ठाकर समाजानं सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं ही परंपरा धरून ठेवली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथली चित्रं पैठणसारखी भडक नाहीत, रेघ बारीक, रंग विटके. शेजारी शेजारी ठेवली तर माझा डोळा पैठणकडेच जाईल. पण तिथे पान उलटताना बघितलं. हुडुक वाजला, वीणा लागली, एक पान खाली गेलं आणि दुसरं वर आलं, आणि गाणारा तोच सूर पुढच्या चित्रावर घेऊन गेला. एवढंच. इतक्या वर्षांत मी आमचं पान हललेलं पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर आत्याकडे गेलो. ती आता पंच्याहत्तरीची. पोथी माळ्यावर असताना ती मोठी झाली, पेटीतून पान काढलं तेव्हाही ती होती. मी म्हटलं, आत्या, फ्रेम करायच्या आधी तू ते पान हातात धरलं होतंस ना? मागे काय होतं?

ती बराच वेळ गप्प बसली. पंखा फिरत होता.

"काळं काहीतरी होतं बघ," म्हणाली. "गोल. मोठं गोल."

कढई का गं? का नागाचं वेटोळं?

"आता एवढं कुठलं आठवायला. गोल होतं. आणि आजूबाजूला माणसं उभी होती, सगळी त्याच्याकडंच बघत होती."